ॲक्टियमची मसलत: अँटनीने न ऐकलेला आणि त्याला न सांगितलेला सल्ला

इंग्रजी प्रबोधनकाळातील शोकात्मिकांमध्ये नायकाला वेळेवर सावध करणारे कोणी ना कोणी बहुतेक नाटकांत असतेच. लिअरला केंट भर दरबारात बजावतो, ज्युलिअस सीझरला ज्योतिषी आणि पत्नी कॅल्पर्निया असे दोघेही अडवतात, मार्लोच्या डॉक्टर फॉस्टसला एक वृद्ध गृहस्थ अगदी अखेरीअखेरीस मागे फिरण्याची विनवणी करतो. या तिघांनी सल्ला का धुडकावला हे समजायला प्रेक्षकाला फार कष्ट पडत नाहीत. लिअर संतापाने आंधळा झालेला आहे, सीझरला स्वप्नाचा गोड अर्थ सांगणारा कटवाला ऐन वेळी घरी येऊन पोहोचतो आणि फॉस्टसने तर स्वतःच्या रक्ताने करार लिहून दिलेला आहे. शेक्सपिअरच्या ‘अँटनी अँड क्लिओपात्रा’ या नाटकात इजिप्तची राणी क्लिओपात्रा हिच्या साथीने लढणारा रोमन सेनापती मार्क अँटनी, प्रतिस्पर्धी ऑक्टेव्हियस सीझरशी होणाऱ्या ॲक्टियमच्या लढाईपूर्वी समुद्राऐवजी जमिनीवर लढण्याचा जो सल्ला नाकारतो, त्याचे कारण मात्र इतके सरळ हाती लागत नाही. अँटनी त्या वेळी संतापलेला नाही, त्याच्यासमोर कोणी खोटा युक्तिवाद केलेला नाही आणि त्याने कोणाला वचनही दिलेले नाही. सल्ला देणारे त्याचेच कसलेले सरदार आहेत, सल्ला नेमका आणि व्यवहार्य आहे, त्यावर प्रतिवाद करायला अँटनीजवळ एकही मुद्दा नाही, आणि तरीही तो ऐकत नाही. म्हणून हे एकच प्रकरण येथे सविस्तर तपासले आहे.

नाटक साधारणपणे 1606-07 च्या सुमारास लिहिले गेले असे मानले जाते. 1608 मध्ये त्याची नोंद झाली आणि छापील रूपात ते 1623 च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या संग्रहात, आले. कथानकाचा मुख्य आधार प्राचीन ग्रीक चरित्रकार प्लूटार्कने लिहिलेले अँटनीचे चरित्र हा आहे, आणि शेक्सपिअरने ते थॉमस नॉर्थच्या 1579 मधील इंग्रजी भाषांतरातून वाचले. या आधारग्रंथात शेक्सपिअरने कोठे काय बदलले हे पाहिल्याशिवाय आपल्या प्रकरणाचा उलगडा होत नाही, त्यामुळे प्लूटार्ककडे अधूनमधून वळावे लागेल.

मसलतीपूर्वीची हवा

एखाद्या सेनापतीने एका दिवशी सल्ला नाकारला एवढेच पाहिले तर प्रकरण अर्धेच दिसते. त्या दिवसापर्यंत त्याच्याभोवतीच्या माणसांना खरे बोलण्याची सवय उरली होती की मोडली होती, हे आधी पाहायला हवे, आणि नाटक त्याचे पुरावे क्रमाने मांडते.

पहिल्या अंकात अँटनी सल्ल्याला केवळ तयारच नाही, तर तो मागून घेतो. रोमहून दूत येतो, वाईट बातमी सांगायला कचरतो, तेव्हा अँटनी त्याला म्हणतो की जो मला खरे सांगतो त्याच्या बोलण्यात माझे मरण असले तरी तो माझी स्तुती करतो आहे असे समजून मी ऐकतो. पुढे तो म्हणतो की मनातले चपळ वारे थांबले की आपल्यात तण माजते, आणि कोणी आपले दोष सांगितले की ती आपली नांगरणी होते. रोममध्ये क्लिओपात्राला ज्या नावाने हिणवतात त्याच नावाने माझ्यासमोर तिचा उल्लेख कर, असेही तो दूताला बजावतो. हे उद्गार ढोंगी नाहीत. स्वतःची अवस्था कळलेला आणि त्यातून बाहेर पडू पाहणारा माणूस ते बोलतो आहे, आणि पुढचा ऱ्हास मोजायला प्रेक्षकाजवळ हीच मोजपट्टी राहते.

दुसऱ्या अंकात रोममध्ये ऑक्टेव्हियस सीझरशी (येथून पुढे सीझर म्हणजे हाच) बोलणी चालू असताना अँटनीचा सरदार इनोबार्बस मध्येच सांगून टाकतो की आत्तापुरते प्रेम एकमेकांकडून उसने घ्या आणि दोघांचाही शत्रू असलेल्या पाँपीचे संकट टळले की परत करा. भांडायला तेव्हा वेळच वेळ असेल. सभेत शोभणारे हे वाक्य नाही, पण ते शब्दशः खरे आहे. अँटनी त्याला गप्प करतो: तू नुसता शिपाई आहेस, पुढे बोलू नकोस. सत्याने मौन पाळायचे असते हे मी जवळजवळ विसरलोच होतो, असे इनोबार्बस म्हणतो आणि यापुढे आपण विचारी दगड होऊन बसू असे सांगतो. प्रसंग दहा-बारा ओळींचा आहे. मला मात्र तो फार महत्त्वाचा वाटतो, कारण येथून पुढे इनोबार्बसचे सर्वांत अचूक बोल अँटनीच्या कानावर पडतच नाहीत. सीझरची बहीण ऑक्टेव्हिया हिच्याशी झालेले अँटनीचे लग्न हे मैत्रीचा गळा आवळणारे बंधन ठरेल आणि अँटनी पुन्हा इजिप्तकडे वळेल, हे भाकीत तो मीनसजवळ करतो. मीनस पाँपीचा माणूस आहे. ज्याला हे सांगायला हवे होते तो त्या जागी नाही.

त्याच अंकात ज्योतिष्याने दिलेला इशाराही आहे. तुझा रक्षक आत्मा थोर आणि निर्भय आहे, पण सीझरजवळ गेला की तो दबतो, म्हणून दोघांमध्ये अंतर ठेव, असे तो सांगतो. अँटनी त्याला गप्प करून बाहेर पाठवतो आणि एकटा उरल्यावर कबूल करतो की तो म्हणाला ते खरे आहे. सोंगट्यांचे फासेसुद्धा सीझरचे ऐकतात, कोंबड्यांच्या झुंजीतही त्याचाच कोंबडा जिंकतो. सल्ला देणाऱ्यासमोर नकार आणि पाठीमागे कबुली, ही अँटनीची रीत येथे पहिल्यांदा स्पष्ट दिसते.

तिसऱ्या अंकाच्या आरंभी व्हेंटिडियसचा छोटा प्रवेश आहे, जो प्रयोगात पुष्कळदा गाळला जातो. पार्थियनांवर विजय मिळवलेला हा सरदार पळत्या शत्रूचा पाठलाग करायला नकार देतो. कारण विचारल्यावर तो सांगतो की धनी दूर असताना हाताखालच्या माणसाने फार मोठे यश मिळवू नये. अँटनीचे आणखी भले मी करू शकलो असतो, पण त्याचा त्याला राग येईल. लढाईशी किंवा प्रेमकथेशी या प्रवेशाचा थेट संबंध नाही, पण अँटनीच्या फौजेत कर्तबगार माणसे कशी जपून वागतात याचा एवढा ठसठशीत पुरावा नाटकात दुसरा नाही. तो प्रवेश गाळला की पुढच्या मसलतीतील माणसे नको तितकी धीट वाटू लागतात.

मसलत

आता तिसऱ्या अंकाचा सातवा प्रवेश. जागा ॲक्टियमजवळची अँटनीची छावणी, इतिहासातील वर्ष इसवी सनापूर्वी 31. अँटनीजवळ जमिनीवर एकोणीस लीजन (रोमन सैन्याच्या मोठ्या तुकड्या) पायदळ आणि बारा हजार घोडदळ आहे. हे आकडे त्याच्याच तोंडी येतात. समोर ऑक्टेव्हियस सीझर आहे, वयाने बराच लहान, लढाईच्या अनुभवात अँटनीच्या पासंगालाही न पुरणारा.

प्रवेश उघडतो तो अँटनी येण्यापूर्वी. क्लिओपात्रा आणि इनोबार्बस यांचे भांडण चालू आहे, कारण तिने युद्धात हजर राहू नये असे त्याने म्हटलेले आहे. प्रथम तो जे बोलतो ते स्वतःशी, घोडे आणि घोड्या एकत्र रणात नेल्याची एक उघडीनागडी उपमा, आणि तिने काय म्हणालास असे विचारताच तो तेच म्हणणे सभ्य शब्दांत मांडतो: तुमच्या उपस्थितीने अँटनी गोंधळून जाणार, त्याच्या काळजातून, मेंदूतून आणि वेळातून जे या घडीला मुळीच खर्च होता कामा नये ते तुम्ही काढून घेणार. क्लिओपात्रा उत्तर देते की युद्धाचा भार मीही उचलला आहे, माझ्या राज्याची प्रमुख म्हणून मी पुरुषासारखी तेथे उभी राहीन. राज्यकर्ती म्हणून तिचे म्हणणे अगदी योग्य आहे, हे येथे नोंदवले पाहिजे; तिच्या पैशावर आणि गलबतांवर ही मोहीम उभी आहे. इतक्यात अँटनी आणि त्याचा सरदार कॅनिडियस येतात, आणि इनोबार्बस म्हणतो, माझे बोलून झाले, महाराज आले.

हे वाक्य सहज निसटून जाते. अख्ख्या मसलतीतील सर्वांत मोलाचा मुद्दा अँटनी आत पाऊल टाकताना संपवला जातो आणि नंतर पुन्हा कोणीही तो काढत नाही. प्लूटार्कमध्ये असे नाही. तेथे क्लिओपात्राला परत पाठवा हा सल्ला अँटनीला थेट दिला गेलेला आहे: आधी डोमिशियस (म्हणजेच नाटकातला इनोबार्बस) आणि इतर काही जणांनी आग्रह धरला, तेव्हा तिने कॅनिडियसला पैसे चारून आपली बाजू मांडायला लावली, पुढे मात्र लढाई जवळ आल्यावर त्याच कॅनिडियसचे मत फिरले आणि तिला परत पाठवून थ्रेस किंवा मॅसिडोनियात जमिनीवर लढावे असे त्याने सुचवले. शेक्सपिअरने हा इतिहास वाचला होता, आणि त्याने विचारपूर्वक हा सल्ला अँटनीच्या कानाआड नेऊन ठेवला.

अँटनीचे पहिले बोलणे सीझरच्या वेगाबद्दलचे आहे. टॅरेंटम आणि ब्रंडिझियमहून निघून आयोनियन समुद्र कापून त्याने टोरिनी घेतले कसे, याचे त्याला आश्चर्य वाटते. क्लिओपात्रा टोचते: वेगाचे कौतुक सर्वांत जास्त आळशांनाच वाटते. अँटनी म्हणतो की टोमणा छान आहे, पुरुषांतील उत्तम माणसालाही तो शोभला असता, आणि त्याच दमात पुढे म्हणतो: कॅनिडियस, आपण त्याच्याशी समुद्रावर लढू.

या दोन वाक्यांमध्ये विचारविनिमयाला जागाच नाही. नकाशा उलगडला जात नाही, गलबते मोजली जात नाहीत, कोणाला मत विचारले जात नाही. टोमणा बसला आणि निर्णय बाहेर पडला. क्लिओपात्राने समुद्र सुचवलेला नव्हता. तिने ढिलाईवर बोट ठेवले होते, आणि अँटनीने ढिलाईचा डाग धुऊन टाकायला जे पहिले धाडस सुचले ते उचलले. नंतर ती फक्त एवढेच म्हणते की समुद्रावरच, दुसरे काय. तिने अँटनीला समुद्रावर लढायला भरीस घातले असे जे सरसकट म्हटले जाते, त्याला या प्रवेशात आधार फार थोडा आहे.

कॅनिडियस कारण विचारतो. अँटनी उत्तर देतो: कारण त्याने आपल्याला आव्हान दिले आहे. इनोबार्बस तत्काळ म्हणतो की महाराजांनीही त्याला द्वंद्वाचे आव्हान दिले होते. कॅनिडियस पुस्ती जोडतो की फार्सेलियाच्या मैदानात लढण्याचेही दिले होते, पण जी आव्हाने सीझरच्या सोयीची नव्हती ती त्याने झटकून टाकली, तुम्हीही तसेच करावे. अँटनीने दिलेले एकमेव कारण येथे पुरते निकालात निघते. यानंतर इनोबार्बस मुद्द्यांची यादीच समोर ठेवतो. तुमच्या गलबतांवर पुरेशी आणि तयार माणसे नाहीत. खलाशी म्हणून जे आहेत ते खेचर हाकणारे आणि शेतात कापणी करणारे, घाईघाईने सक्तीने धरून आणलेले. सीझरच्या आरमारावर पाँपीशी वारंवार लढलेले लोक आहेत. त्यांची गलबते चपळ, तुमची जड. जमिनीवरच्या लढाईची तुमची तयारी असताना समुद्र नाकारला म्हणून तुमची कोणतीही नामुष्की होत नाही.

शेवटच्या मुद्द्याकडे विशेष लक्ष द्यावे. अँटनीला खरे टोचते आहे ते अब्रूचे, हे इनोबार्बसने ओळखले आहे आणि त्याचीही सोय त्याने सल्ल्यात करून ठेवली आहे. महाभारतातील विदुराचा सल्ला धर्माचा होता, केंटचा न्यायाचा होता. असा सल्ला नाकारणारा निदान वेगळ्या मूल्याच्या बाजूने उभा राहतो असे म्हणता येते. इनोबार्बसचा सल्ला निव्वळ हिशेबाचा आहे, आणि तो नाकारायला दुसरा हिशेब मांडावा लागतो. अँटनीचे उत्तर आहे: समुद्रावर, समुद्रावर.

इनोबार्बस आणखी एकदा प्रयत्न करतो, आणि हा प्रयत्न मला संपूर्ण नाटकातील सर्वांत आर्त वाटतो, जरी त्यात एकही भावनेचा शब्द नाही. तो म्हणतो की असे केल्याने जमिनीवरचे जे अजोड सेनापतित्व तुमच्यापाशी आहे ते तुम्ही फेकून देत आहात, जखमांच्या खुणा अंगावर वागवणाऱ्या पायदळाची शक्ती विखरत आहात, तुमचे स्वतःचे नावाजलेले ज्ञान न वापरता तसेच ठेवत आहात आणि खात्रीची वाट सोडून निव्वळ दैवाच्या हवाली होत आहात. सल्लागार आपले शहाणपण अँटनीवर लादत नाही. तो त्याला त्याचेच शहाणपण परत देऊ पाहतो आहे. अँटनीच्या जागी अँटनीनेच लढावे, एवढेच त्याचे मागणे आहे. म्हणून या सल्ल्याचा अव्हेर हा दुसऱ्याच्या बुद्धीचा अव्हेर राहत नाही. आयुष्यभर कमावलेल्या विद्येकडे सेनापती स्वतःच पाठ फिरवतो. उत्तर पुन्हा तेवढेच: मी समुद्रावर लढणार.

क्लिओपात्रा सांगते की माझी साठ गलबते आहेत, सीझरजवळ याहून चांगली नाहीत. अँटनी ठरवतो की जादा गलबते जाळून टाकायची, उरलेल्यांवर पुरी माणसे चढवायची, आणि हरलो तर जमिनीवर लढायचे. वरवर पाहता ही दुसरी फळी शहाणपणाची दिसते, आणि ती कशी फसली ते पुढे येईलच.

शिपाई

यानंतर एक साधा शिपाई अँटनीसमोर येतो. त्याला नाव नाही. तो म्हणतो, महाराज, समुद्रावर लढू नका, कुजक्या फळ्यांवर विसंबू नका. माझ्या या तलवारीवर आणि या जखमांवर तुमचा भरवसा उरला नाही का? पाण्यात बुड्या मारायचे काम इजिप्तच्या आणि फिनिशियाच्या लोकांना करू द्या, आम्हाला जमिनीवर पाय रोवून, पायाला पाय भिडवून जिंकायची सवय आहे.

हा प्रसंग जवळजवळ जसाच्या तसा नॉर्थच्या प्लूटार्कमधून उचललेला आहे, पण अँटनीची प्रतिक्रिया बदलली आहे. प्लूटार्कमध्ये अँटनी एक शब्दही न बोलता पुढे जातो. फक्त हाताने आणि मानेने खूण करतो, जणू त्याला धीर धर असे सुचवतो, आणि प्लूटार्क लगेच सांगतो की त्याच्या स्वतःच्या ठायी मात्र फारसा धीर नव्हता. शेक्सपिअरचा अँटनी बोलतो, पण काय बोलतो? बरं, बरं, चला. एवढेच, आणि तो क्लिओपात्रा व इनोबार्बस यांच्यासह निघून जातो. प्लूटार्कच्या अँटनीला शिपायाचे दुःख दिसले होते आणि त्याने त्याला खुणेने का होईना, उत्तर दिले होते. येथे शिपायाच्या जखमा अँटनीच्या डोळ्यांपुढून सरकतात आणि त्याला त्या दिसत नाहीत. ज्याच्यावर सैन्य जीव टाकते अशा सेनापतीच्या बाबतीत हा बदल लहान नाही. शिपायांमध्ये मिसळणारा, त्यांच्याबरोबर हालअपेष्टा सोसलेला अशीच अँटनीची ख्याती होती.

अँटनी गेल्यावर शिपाई म्हणतो की हर्क्युलिसची शपथ, माझे बरोबर आहे असे मला वाटते. कॅनिडियस उत्तर देतो की तुझे बरोबरच आहे, पण त्याची कृती जेथे त्याचे बळ आहे तेथून उगवत नाही. आमच्या नेत्यालाच कोणी नेते आहे आणि आम्ही बायकांची माणसे झालो आहोत. कॅनिडियसने हे अँटनीसमोर म्हटले नाही. पुन्हा तेच घडले: मुद्द्याची गोष्ट माणूस निघून गेल्यावर.

काय खरे ठरले

पुढचा प्रवेश अवघ्या सहा-सात ओळींचा आहे. सीझर आपल्या सेनापती टॉरसला सांगतो की जमिनीवर वार करू नकोस, फौज अखंड ठेव, समुद्रावरचे काम उरकेपर्यंत लढाई छेडू नकोस, या कागदावर लिहिले आहे त्याच्या बाहेर जाऊ नकोस. त्याचा डाव लेखी आहे. फार सुंदर माणूस नाही हा सीझर, पण टोमणा ऐकून तो युद्धभूमी बदलणार नाही.

लढाईची हकिकत इनोबार्बस आणि अँटनीच्याच बाजूचा योद्धा स्कारस यांच्या तोंडून येते, आणि येथे एक गोष्ट बारकाईने पाहिली पाहिजे. स्कारस सांगतो की लढाईच्या ऐन मध्यावर दोन्ही बाजूंचे पारडे जुळ्या भावंडांसारखे सारखे होते, किंबहुना आमचेच किंचित थोरले होते. म्हणजे कापणीवाले आणि खेचरवाले खलाशी असूनही, जड गलबते असूनही, अँटनीचे आरमार हरत नव्हते. मग जून महिन्यात गोमाशी चावलेल्या गाईसारखी क्लिओपात्रा शिडे उभारून पळाली, तिची साठही गलबते वळली, आणि अँटनी लढाई ऐन भरात सोडून मादीच्या मागे झेपावणाऱ्या बदकासारखा तिच्यामागे गेला.

इनोबार्बसने अँटनीला जे सांगितले होते ते समंजस होते, पण पराभव त्यामुळे झाला नाही. पराभव झाला तो त्याने क्लिओपात्राला जे सांगितले होते त्यामुळे: तुम्ही तेथे असलात की त्याचे काळीज, मेंदू आणि वेळ तुमच्याकडे जाणार. खलाशांची उणीव आणि गलबतांचा जडपणा हे मुद्दे सेनापतीसमोर मांडायला सोपे होते, त्यांत कोणाचा अपमान नव्हता. जो मुद्दा निर्णायक होता तो मांडायला पहिल्या अंकातील अँटनी हवा होता, ज्याने दूताला तिचे नाव रोममध्ये घेतात तसे घे म्हणून सांगितले होते. तो अँटनी तिसऱ्या अंकात छावणीत नव्हता, आणि इनोबार्बसला ते माहीत होते. या अर्थाने ॲक्टियमचे अपयश एकट्या ऐकणाऱ्याचे नाही, हे माझे मत आहे. बोलणाऱ्याने निवडलेल्या सुरक्षित मुद्द्यांचाही त्यात वाटा आहे. इनोबार्बसला दोष देण्याचा येथे हेतू नाही. एकदा तू नुसता शिपाई आहेस असे ऐकलेल्या माणसाने शिपायाच्याच विषयापुरते बोलावे, हे स्वाभाविक आहे.

इतिहासातील अँटनीची बाजू येथे थोडक्यात मांडणे न्यायाचे होईल. सीझरचा सेनापती ॲग्रिपा याने रसदीचे मार्ग तोडले होते, छावणीत रोगराई होती, माणसे फुटून जात होती, आणि समुद्रावर उतरणे हा कोंडी फोडून निसटण्याचा प्रयत्न होता, असे अनेक आधुनिक इतिहासकार मानतात. अँटनीने शिडे बरोबर घ्यायला लावली ही प्लूटार्कमधील नोंदही त्या दिशेने बोट दाखवते, कारण त्या काळची आरमारी लढाई वल्ह्यांवर लढली जाई. तसे असेल तर खऱ्या अँटनीचा निर्णय समजण्यासारखा होता. शेक्सपिअरने मात्र नाटकात वेढा, उपासमार आणि शिडे यांतले काहीही येऊ दिले नाही. अँटनीजवळ सांगण्यासारखे एखादे कारण असते तर प्रकरण दोन मतांमधील निवडीचे झाले असते; ती वाट नाटककाराने बंद केली आणि फक्त सीझरचे आव्हान शिल्लक ठेवले.

आता ती दुसरी फळी. हरलो तर जमिनीवर लढू, असे अँटनी म्हणाला होता, आणि जमिनीवरचे एकोणीस लीजन खरोखरच शाबूत होते. पण सेनापती पाठ दाखवून पळालेला पाहिल्यावर फौज फौज उरली नाही. कॅनिडियस म्हणतो की सहा राजांनी शरण जाण्याची वाट मला आधीच दाखवली आहे, मी माझी पथके सीझरच्या स्वाधीन करतो. प्लूटार्कच्या हकिकतीत ही फौज सात दिवस अँटनीची वाट पाहत थांबली होती आणि कॅनिडियस रात्री पळून गेल्यावर मग शरण गेली. त्या सात दिवसांत अँटनी परत आला असता तर काय झाले असते, हा प्रश्न तेथे उभा राहतो. नाटकात तो राहत नाही. माणसे ज्याच्यासाठी लढत होती तोच मैदानातून गेला, हे स्कारस, कॅनिडियस आणि इनोबार्बस तिघांनाही एकाच क्षणी कळते.

पराभवानंतर

अकराव्या प्रवेशात अँटनी स्वतःच म्हणतो की जमीन मला सांगते आहे, यापुढे माझ्यावर पाय ठेवू नकोस, तुझे ओझे वाहायची मला लाज वाटते. क्लिओपात्रा रडत क्षमा मागते. तो म्हणतो की माझे काळीज तुझ्या सुकाणूला दोरीने बांधलेले होते हे तुला पुरते ठाऊक होते, आणि थोड्याच ओळींनंतर तिच्या एका अश्रूपुढे सारे जिंकलेले-हरलेले सारखेच असे सांगून चुंबन मागतो. याच प्रवेशात तो फिलिपीच्या लढाईची आठवण काढतो, जेथे ब्रूटस आणि कॅसियस यांच्याविरुद्ध तो आणि सीझर एकाच बाजूने लढले होते: सीझरने तेथे तलवार नर्तकाने मिरवावी तशी धरली होती आणि कॅसियसवर वार मी केला होता. आव्हान दिले म्हणून समुद्रावर जाणाऱ्या माणसाच्या मनात काय सलत होते, ते येथे उघड होते. ज्याला शिपाईगिरी येत नाही असा पोरगा वरचढ ठरतो आहे, हे त्याला सहन होत नाही, आणि म्हणून त्याच्याच अटींवर त्याला हरवून दाखवायचे आहे. ज्योतिष्याने नेमके हेच ओळखले होते.

क्लिओपात्रा इनोबार्बसला विचारते की चूक अँटनीची की आमची. तो म्हणतो, एकट्या अँटनीची; त्याने आपल्या इच्छेला बुद्धीची धनीण केले. तुम्ही भीतीने पळालात हे ठीक, पण त्याने मागे का यावे? हा निवाडा पुष्कळदा नाटकाचाच निवाडा म्हणून उद्धृत केला जातो. मला तसे करवत नाही, कारण तो देणारा माणूस लवकरच स्वतःच्या बुद्धीचे ऐकतो, अँटनीला सोडून सीझरच्या गोटात जातो, आणि तो निर्णय त्याला पेलत नाही. अँटनी त्याची मागे राहिलेली सारी संपत्ती वर भेट घालून पाठवून देतो, तेव्हा इनोबार्बस शरमेने खचून मरतो. प्लूटार्कमध्ये डोमिशियस लढाईच्या आधीच फुटतो आणि आजारात मरतो. शेक्सपिअरने हे फुटणे पराभवानंतर ढकलले, त्यामुळे ॲक्टियमचा सल्ला देणारा माणूस ती लढाई संपेपर्यंत छावणीत राहिला, आणि बुद्धीचा कैवार घेणाऱ्यालाही बुद्धी कोठवर पुरते याची परीक्षा द्यावी लागली.

अलेक्झांड्रियाच्या लढाईच्या सकाळी तोच जखमी शिपाई अँटनीला पुन्हा भेटतो. या वेळी अँटनी थांबतो आणि म्हणतो की तू आणि तुझ्या या व्रणांनी त्या दिवशी मला जमिनीवर लढायला भाग पाडले असते तर किती बरे झाले असते. शिपाई उत्तरतो की तसे झाले असते तर फुटलेले राजे आणि आज सकाळी तुम्हाला सोडून गेलेला सैनिक अजून तुमच्या मागे असते. कोण गेला, असे अँटनी विचारतो, आणि इनोबार्बसची बातमी त्याला अशी कळते. सल्ल्याचे मोल त्याने मान्य केले, तेही सल्ला देणाऱ्याच्या तोंडावर. त्या दिवशी तो जमिनीवर लढतो आणि जिंकतो.

दुसऱ्या दिवशी सीझर पुन्हा समुद्रावर येतो. अँटनी म्हणतो की त्यांना आगीत किंवा हवेत लढायचे असेल तरी आपण तेथेही लढू, आणि आरमार बाहेर पाठवतो. जमिनीवर थांबा असे म्हणणारे कोणी आता जवळ नाही: इनोबार्बस मेला आहे, कॅनिडियस सीझरकडे आहे, शिपाई त्या प्रवेशात नाही. क्लिओपात्राच्या गलबतांच्या शिडांत पाकोळ्यांनी घरटी केली आहेत असे स्कारस सांगतो. शकुन पाहणाऱ्यांना अर्थ विचारला तर ते माहीत नाही म्हणतात, सांगता येत नाही म्हणतात, तोंडे काळवंडून बसतात, आणि जे कळले आहे ते बोलायला धजत नाहीत. त्यानंतर काही क्षणांतच, आरमार शत्रूला जाऊन मिळाल्याचे अँटनी स्वतः डोळ्यांनी पाहून येतो.